काट्यावरचा मायाप्पा

"पुन्हा कमी!" डॉक्टर होटगीकर काट्यावरची नजर न काढता ओरडले. "पीठ कोण खातंय बाई? तू, की नवरा?"

"पोरगंच खातंय की, डाक्टर." शांतम्माने मायाप्पाला वजनाच्या झोळीतून उचललं. घरात आणखी तीन पोरं त्याच पिठावर जगत होती, हे काही ती बोलली नाही.

दुष्काळाचं साल. सोलापुरातल्या विणकरांच्या या गल्लीत होटगीकर शेंगदाणे-डाळ्याचं पीठ वाटत. पीठ फुकट, पण पोराचं वजन करून द्यायचं. पलीकडच्या गल्लीला पीठ नव्हतं, तिथल्या पोरांचं नुसतं वजन. त्याशिवाय पिठाचा गुण कळणार कसा? संशोधन म्हणजे काही अन्नछत्र नव्हे!

"पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही, तर नाव खोडीन. पीठ बंद."

"पोरगं आजारी हाय. जरा बघा की."

"मी वजन बघायला आलोय. चला, पुढची!"

शांतम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पिठाची पिशवी तिने घट्ट धरून ठेवली.

महिन्याने ती आली ती मान ताठ करून. कडेवरच्या पोराचं डोकं तुळतुळीत, गालावर काजळाची भलीमोठी तीट.

"जावळ काढलं वाटतं?" मालती सिस्टरनी विचारलं.

"व्हय. देवाला जाऊन आलो."

झोळीत ठेवताच पोराने भोकाड पसरलं. "मायाप्पा, ए मायाप्पा," करत सिस्टरनी चुटक्या वाजवल्या. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. होटगीकरांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही, ते काटा बघत होते. काटा चांगलाच पुढे गेला होता.

"बघा! शिव्या खाल्ल्याशिवाय तुम्ही लोक सुधरत नाही. इतके दिवस तूच पीठ चोरत होतीस, हे आज सिद्ध झालं. लिहा सिस्टर, हा पिठाचा गुण!"

 शांतम्माने पिशवी घेतली, पोराला कडेवर मारलं आणि घरी न जाता पलीकडच्या गल्लीत शिरली. धाकटी बहीण दुर्गा दारातच उभी होती. पोराने तिच्याकडे झेप घेतली.

"तुज्या लेकराला उगाच बोडकं केलं गं," शांतम्मा म्हणाली. "पर पीठ मिळालं. पाणी ठेव, मायाप्पाला पेज करू."

दुर्गाने पिशवीला हातही लावला नाही.

"अक्का, आदी आत ये. मायाप्पा तोंडच उघडंना."