दोन दिवसांचा मुक्काम

पाठीवर सॅक टाकून मित्रांबरोबर फिरायला गेलेला निहार व्हिएतनाममधल्या एका समुद्रकाठच्या गावात दोनच दिवस थांबणार होता. तेवढ्यात वादळ आलं. मित्र आधीच्या बसने निघाले होते. ताप चढल्यामुळे तो एकटाच लॉजवर राहिला, आणि त्याचा फोन लागेना.

इकडे कॅनडातल्या बर्नाबीत त्याच्या बहिणीने, अक्षताने, रात्रीपासून लॉजचा नंबर फिरवून फिरवून बोटं दुखवून घेतली. सकाळी एकदाचा लागला, तर पलीकडच्या बाईला व्हिएतनामीशिवाय काही येत नव्हतं. "होल्ड ऑन, प्लीज, फोन ठेवू नका!" असं ओरडत अक्षता अनवाणीच खाली पळाली. कोपऱ्यावर लान नावाच्या व्हिएतनामी बाईचं नूडल्सचं दुकान होतं. अक्षताने फोन तिच्या हातात कोंबला. "माझा भाऊ आहे तिथे. विचार ना, जिवंत आहे का!"

लान बोलत राहिली. अक्षता नुसती तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मध्येच लानचा आवाज चिरकला, तिने काउंटर घट्ट धरला.

फोन बंद करून लान म्हणाली, "तुझा भाऊ सुखरूप आहे. वरच्या मजल्यावर झोपलाय. तापही उतरलाय."

अक्षताने रडत तिला मिठी मारली. "मग तुझा आवाज असा का चिरकला? मला वाटलं, गेला तो!"

"माझी आई त्याच गावात असते," लान म्हणाली. "तिच्या गल्लीतलं अजून कुणीच सापडलेलं नाही."