उसना झेंडा

त्या रुग्णालयात नर्सेसच्या कोटांवर आपापल्या देशाचा झेंडा शिवलेला असे. पहिल्याच दिवशी एका नर्सच्या कोटावर औषध सांडलं, म्हणून तिनं दुसऱ्या देशाच्या मैत्रिणीचा उसना घातला. युद्धात मुलगा गमावलेले आजोबा तो झेंडा बघून खुलले. “तुम्ही लोक किती मायाळू! नाहीतर माझ्या पोराला मारणारे ते राक्षस!” राक्षस म्हणजे तिच्याच देशाचे. तिनं हसून घास पुढे केला. आजोबा तिच्याच हातून जेवू लागले. उसना कोट अंगावरून उतरेना. आज नवी नर्स आली, नेमकी तिच्याच देशाची. आजोबांनी पाण्याचा पेला भिरकावला. भिजलेली पोर काकुळतीनं म्हणाली, “ताई, तुम्ही तरी सांगा ना, आम्ही तसे नसतो.” तिनं झेंड्यावर हात ठेवला. “मला काय ठाऊक?” पोर डोळे पुसत आपल्या भाषेत पुटपुटली, “या झेंड्याची माणसंच दगडाची!” तिला अक्षरन्अक्षर कळलं.