करवंदाची जाळी

"चल की गं, नसरापूर अजून लांब हाय," साळूबाई म्हणाली. पण चंद्राबाई करवंदाच्या जाळीसमोरून हलेना.

पहाटे आपलं पाली गाव सोडल्यापासून तिचा एक हात गळ्यावरच होता. गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती, थोरल्या जावेची, म्हणजे साळूबाईचीच. कामथडीला चंद्राबाईच्या लेकीचं, रतनचं डोहाळजेवण होतं. संक्रांतीला विहीणबाई भरल्या ओसरीत म्हणाल्या होत्या, "रतनच्या आईच्या गळ्यात गुंजभर सोनं न्हाई." रतन मान खाली घालून ऐकत राहिली आणि ते चंद्राबाईच्या जिव्हारी लागलं. साळूबाईनं माळ आपणहून दिली. आता खोटं कशाला बोला, देताना तिला जरा मोठेपणाही वाटला होता. वाटेत घडोघडी "सांभाळ गं" चालूच होतं.

त्या माळेनं चंद्राबाईची पार रया गेली होती. एरवी चालता चालता ओव्या म्हणणारी, दिसेल त्या गुराख्याला हाक घालणारी बाई. आज समोरून माणूस आलं की पदर ओढून घेत होती. ओढ्यावर वाकून पाणी प्यायलासुद्धा ती धजली नाही.

आणि आता ही जाळी. पिकून काळीभोर झालेली करवंदं, पण सगळी आतल्या अंगाला, काट्यांत. रतनला नेमके त्यांचेच डोहाळे लागले होते. 'येताना आपल्या डोंगरातली करवंदं आण,' असा तिचा निरोप होता.

"माळ अडकंल काट्यात, तुटंल," साळूबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे ती करवंदं. नसरापुरात काहीतरी गोड घिऊ."

चंद्राबाईनं एकवार जाळीत डोकावून बघितलं. मग तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, गाठ सोडली आणि माळ जावेच्या हातात ठेवली.

"आक्का, तुमीच घाला."

"अगं, पण इहीण काय म्हणंल?"

"म्हणू दे. लेकीनं माझ्याकडं करवंदं मागितल्यात, माळ न्हाई."

पदर खोचून ती जाळीत शिरली. काटे हात ओरबाडत होते आणि ही बाई आत खुशाल ओवी म्हणत होती! बाहेर साळूबाई माळ घालून ऐकत उभी राहिली.

नसरापूरच्या पुढं सडकेवर उतारूंनी भरलेली एक सर्व्हिस मोटार धुरळा उडवत गेली. दोघी धुळीनं माखल्या. चंद्राबाई खळखळून हसली. साळूबाईला मात्र विहिणीची धास्ती होती.

कामथडीला व्हायचं तेच झालं. ओसरी बायकांनी भरलेली होती आणि विहीण कमळाबाईंची नजर आधी चंद्राबाईच्या गळ्याकडं गेली. गळ्यात नुसती काळी पोत. हातावर ओरखडे, लुगड्यावर करवंदाचे डाग.

"इहीणबाई, आज तरी गळ्यात काही घालून यायचं!"

साळूबाईचा हात आपल्या गळ्यातल्या माळेकडं गेला. चंद्राबाई मात्र विहिणीकडं सरळ बघून हसली.

"न्हाई माझ्यापाशी. लेकीला पायजे हुतं ते आणलंय."

आवाजात ना लाज होती, ना टोमणा. पदरातली करवंदं तिनं रतनपुढं ओतली. पाटावर बसलेल्या रतननं मूठभर तोंडात कोंबली आणि आईकडं बघून ती अशी हसली, की हनुवटीवरून रस ओघळला. मग बायकांचे हात पुढं आले. जरा मागून कमळाबाईंचाही आला.

साळूबाई बघत राहिली. तिच्या धाकट्या जावेभोवती सगळी ओसरी गोळा झाली होती.

एक म्हातारी साळूबाईच्या गळ्यातली माळ निरखत जवळ सरकली. "तुमी कोन म्हनायच्या? लई मोठ्या घरच्या दिसताय."

"म्या?" साळूबाई ताठ बसली. "म्या चंद्राबाईची जाऊ!"