इंजिनसाठी टाळ्या

उभं आयुष्य आमच्या फुटबॉल क्लबसाठी ऊर फुटेस्तोवर धावलेला, सगळे ज्याला 'इंजिन' म्हणायचे तो खेळाडू आज पहिल्यांदाच समोरच्या संघाकडून खेळत होता. मी नवऱ्याला घरीच बजावलं, "आज आपल्या पोराची पहिली मॅच आहे. इंजिनसाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"वेडी आहेस का? पोटचा पोरगा खेळतोय," म्हणत हे हात खिशात घालून बसले.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि आमचा पोरगा गोलकीपरला चकवून पुढे निघाला. समोर गोल मोकळा. त्याने चेंडू मारला आणि कुठून कोण जाणे, धापा टाकत इंजिन आला. गोलरेषेवर स्वतःला झोकून देत त्याने चेंडू पायाने बाहेर काढला. मग आमचंच अख्खं स्टेडियम उठून त्याच्या नावाने ओरडायला लागलं. सगळ्यांत आधी उठले होते हे.

पोरगा घरी आला तो घुम्यासारखा. बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मी बघितलं."

ह्यांनी मान खाली घातली.

"माझ्या वाटच्याही वाजवल्यात ना? मला तिथे वाजवता येत नव्हत्या."