न घासलेली भिंत

समुद्र गावाच्या छपरांइतका चढला होता आणि मधे फक्त भिंत होती. भिंतीला भेग पडून तीन महिने पाणी झिरपत होतं. भेगेत चुना तयार करून ती बुजवणारे जीवाणू डॉ. इरावती शेजवलकरने समुद्राच्या बाजूने तीनदा लावले, तीनदा ते वाहून गेले. गाव हलवायची तारीख ठरली.

खडकांवरची कालवं काढण्यात जन्म गेलेल्या सुंदराबाईंनी तिला विचारलं, "बाय, लावच्या आधी भिंत घासतंस कित्याक?"

"स्वच्छ पृष्ठभाग लागतो, मावशी."

"घासलल्या दगडार कायच बसना नाय. आधी बुळबुळीत थर धरता, मगे कालवां येतत."

इरावतीने भिंत पंधरा दिवस तशीच सोडली. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी भिंतीवर थर धरला; मग तिने चौथ्यांदा जीवाणू लावले आणि ते त्या थरात घट्ट रुतले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, सामान न्यायला ट्रक येऊन उभे असताना, तिने आतून भेगेवर हात फिरवला. हात कोरडाच राहिला. मागोमाग सगळ्या गावाने भिंतीला हात लावून पाहिला.

"ट्रक परत धाड," सुंदराबाई इरावतीला म्हणाल्या आणि बांधलेलं सामान सोडायला घराकडे वळल्या.