कोटाचा मालक बेपत्ता

“माणूस हरवल्याची तक्रार त्याच्या घरचे करतात, बाई,” हवालदार म्हणाला.

“घरच्यांवरच तर माझा संशय आहे,” लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी राखाडी कोट टेबलावर पसरला, बरोबर त्याच्या चहाच्या कपावर.

हवालदाराने कपाळाला हात लावला. मघाशीच एक गृहस्थ येऊन असंच डोकं खाऊन गेले, म्हणाला. त्यांचंही कोणीतरी हरवलंय. बाईंनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्याच्या केसमध्ये त्या नाक खुपसत नसत.

त्यांची स्वतःची केस भक्कम होती. एक उंच गृहस्थ कोट धुवायला टाकून गेले, शनिवारी नेतो म्हणाले, आणि शनिवारी आलेच नाहीत. इतका झकास कोट जिवंत माणूस सोडेल का? शिवाय बाहीवर लालभडक डाग होता. जॅमचा, असं ते म्हणाले होते. म्हणणारच. तो डाग बाईंनी स्वतःच्या हाताने घासघासून काढला होता. पुरावाच धुऊन टाकला! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वच्छ कामाची लाज वाटली.

रविवारपासूनच दुकानाला कुलूप लागलं होतं. कोट खांद्यावर टाकून बाई शिंप्यांकडे, दवाखान्यांत, बसस्टॉपवर चौकशा करत फिरू लागल्या आणि घरी येऊन त्याचं पुस्तक लिहू लागल्या. गिऱ्हाइकं समोरच्या लाँड्रीत गेली. नवऱ्याने बजावलं, सोमवारी दुकान उघडलं नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. बाई म्हणाल्या, एकच प्रकरण राहिलंय हो, प्रेत सापडलं की उघडते.

प्रेत काही सापडेना. सोमवारी बाईंनी तोंड पाडून शटर वर केलं.

समोर ते उंच गृहस्थ उभे. धडधाकट.

“तुम्ही जिवंत आहात?” बाईंचा आवाज रडवेला झाला. एवढं पुस्तक पाण्यात गेलं होतं.

गृहस्थांचा चेहरा त्यांच्याहून जास्त उतरला. त्या शनिवारी जमलं नाही, पण रविवारपासून रोज येतोय, ते म्हणाले, रोज कुलूप. काखेतला कागदांचा जाडजूड गठ्ठा त्यांनी हळूच काउंटरवर ठेवला.

“शेवटचंच प्रकरण राहिलं होतं हो. तुमच्या नवऱ्याला मी जवळजवळ पकडलाच होता.”