दाण्याचे लाडू

घराबाहेरच्या कुणाला तरी खाऊ घातल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी मात्र कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या टूरवर, मला उपासच घडणार असं दिसत होतं. डब्यात दाण्याचे लाडू, आणि ज्याला त्याला नट्सची ॲलर्जी!

"आई, पुढच्या वेळी रव्याचे करा," माझी सून रुचा हसून म्हणाली.

शेवटी गाइड डेलोरिस आम्हाला एका जुन्या चर्चच्या बेसमेंटमध्ये घेऊन गेली. पूर्वी अमेरिकेतल्या गुलामीतून पळालेली माणसं इथे येऊन पोचायची. "आधी जेवायला वाढायचं, नाव मग विचारायचं," असं सांगून तिनं गाणं सुरू केलं. सगळे टाळ्या वाजवत जिना चढू लागले.

मी सर्वांत मागे होते. माझ्या मागे फक्त भिंत. का कोण जाणे, डबा उघडून मी हात मागे केला.

डबा हलका झाला. मग आणखी हलका. मागूनही तेच गाणं येऊ लागलं, भरल्या तोंडानं.

"आई, चला ना! तुम्ही एकट्याच राहिलात."

"एकटी नाही गं," मी म्हणाले. आनंदानं डोळे भरून आले होते.

तेवढ्यात रिकाम्या डब्याखाली गारठलेली चिमुकली बोटं माझ्या बोटांत गुंतली, वर येण्यासाठी.